जुना ब्राउझर आणि अपडेटची सक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"साइट उघडत नाही, 'ब्राउझर अपडेट करा' म्हणते, आता काय करू?" अशा अर्थाचे प्रश्न सतत येत असतात. विचारणाऱ्यांत जुन्या फोनवर काम भागवणारे असतात, ऑफिसच्या पीसीला हात लावायची परवानगी नसलेले असतात, आणि एखाद्या संस्थेची किंवा दुकानाची साइट सांभाळणारेही असतात. तिघांची अडचण वेगळी, म्हणून उत्तरंही वेगळी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: अपडेटची सक्ती असावी, पण बदल करणं ज्याच्या हातात आहे त्याच्यावर. खालची बहुतेक उत्तरं या एका मतातून निघाली आहेत.

१. माझा ब्राउझर 'जुना' झालाय हे कसं ओळखायचं? कितव्या नंबरचं व्हर्जन जुनं?

नंबरावरून ठरवू नका. त्या व्हर्जनला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात का, एवढंच पाहा. क्रोमने २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी नवं मुख्य व्हर्जन काढायला सुरुवात केली, आणि मधल्या काळात छोटे पॅच (दुरुस्त्या) येतच असतात. त्यामुळे दोन-तीन महिने अपडेट न झालेला क्रोम जुनाच समजायचा. फायरफॉक्सची 'ईएसआर' ही लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती मात्र नंबराने मागे दिसली तरी मुदत संपेपर्यंत तिला पॅच मिळत राहतात, म्हणून ती जुनी नाही.

संगणकावर क्रोममधल्या तीन टिंबांवर क्लिक करून 'मदत' आणि मग 'क्रोमबद्दल' उघडा. ते पान उघडलं की ब्राउझर स्वतःच तपासणी करतो. बरेचदा अपडेट आधीच उतरलेलं असतं, फक्त 'रीलाँच' केलेलं नसतं. लॅपटॉप नुसता मिटून ठेवणाऱ्यांचा ब्राउझर कित्येक दिवस बंदच होत नाही आणि उतरलेलं अपडेट तसंच पडून राहतं. फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये पाहा.

२. माझं सगळं व्यवस्थित चालतंय. मग अपडेट कशाला?

कारण भोक पडलेला ब्राउझरसुद्धा व्यवस्थितच चालतो. सप्टेंबर २०२३ मधलं एक उदाहरण घ्या. 'वेबपी' या प्रकारची चित्रं उलगडणारी एक लायब्ररी (तयार कोडचा संच) क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, फायरफॉक्स अशा सगळ्यांत वापरली जाते. चित्र लहान करताना वापरलेल्या संकेतांचा तक्ता ती मेमरीत बांधते, आणि त्या तक्त्यासाठी ठरावीक जागा राखलेली होती. कुणी मुद्दाम बिघडवलेला तक्ता चित्रात घातला, तर लिहिणं राखीव जागेच्या बाहेर जायचं आणि हल्लेखोराला तुमच्या मशीनवर स्वतःचा कोड चालवायची वाट मिळायची. कुठेही क्लिक करायची गरज नव्हती, चित्र पानावर दिसणं पुरेसं होतं. क्रोमने ११ सप्टेंबरला पॅच दिला, फायरफॉक्सने दुसऱ्या दिवशी.

यातली खरी मेख पॅचनंतर सुरू होते. क्रोमियमचा (ज्यावर क्रोम बेतलेला आहे) आणि फायरफॉक्सचा कोड उघडा आहे. दुरुस्ती बाहेर पडली की चूक नेमकी कुठे होती तेही जगाला कळतं. अपडेट न केलेल्यांसाठी धोका त्या दिवसापासून कमी होत नाही, उलट वाढतो. आणि ब्राउझरमध्ये तुमचे साठवलेले पासवर्ड असतात, उघडं ठेवलेलं ईमेल असतं, व्हॉट्सॲप वेब असतं. तुमच्या खात्यातून पुढे ज्यांना बनावट मेसेज जातात, त्यांचंही नुकसान त्यात आलं.

३. 'सक्ती' म्हणजे नेमकं कोण कोणावर करतं?

हा गोंधळ नेहमी होतो, म्हणून वेगळं काढून सांगतो. ब्राउझर बनवणारा तुम्हाला न विचारता अपडेट लावतो, ती एक सक्ती (प्रश्न ४). साइटवाला 'या ब्राउझरमधून आत येऊ देणार नाही' म्हणतो, ती दुसरी (प्रश्न ६ आणि ९). फोन किंवा विंडोज जुनं झालं म्हणून नवा ब्राउझर बसतच नाही आणि नवं यंत्र घ्यायची पाळी येते, ती तिसरी (प्रश्न १० ते १२). चौथी उलट्या दिशेची आहे: साइट किंवा ऑफिस तुम्हाला जुनाच ब्राउझर ठेवायला लावतं (प्रश्न १३ आणि १४).

पहिलीला माझा पाठिंबा आहे. दुसरी मोजक्या जागी योग्य आहे. तिसरीत पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात आणि निर्णय कंपनीचा असतो, म्हणून तिथे दाब कंपनीवर हवा. चौथीचं समर्थन मला कधीच करता आलेलं नाही.

४. क्रोम मला न विचारता स्वतःच अपडेट होतो. माझ्या मशीनवर त्याला हा अधिकार कोणी दिला?

क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून तो असाच वागतो. फायरफॉक्सने २०१२ मध्ये हीच वाट धरली. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०१२ पासून इंटरनेट एक्सप्लोरर आपोआप वर चढवायला सुरुवात केली, आधी ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्ये. त्याआधी प्रत्येक अपडेटला 'हो की नाही' विचारलं जायचं, आणि घाईत असलेला माणूस 'नंतर' दाबायचा. त्या 'नंतर'चे परिणाम प्रश्न ५ मध्ये आहेत.

सुरक्षेच्या पॅचपुरती ही सक्ती मला मान्य आहे. धोका पारखायला लागणारं ज्ञान वापरणाऱ्याकडे असावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पण तुमच्या तक्रारीतही तथ्य आहे. त्याच अपडेटच्या पोटात कंपन्या इतर गोष्टी घालतात. बटणांच्या जागा बदलतात, सवयीची सोय जाते. २०२४-२५ मध्ये क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केली आणि 'युब्लॉक ओरिजिन' हा लोकप्रिय जाहिरातरोधक अनेकांकडे अपडेटसोबत बंद पडला. सुरक्षेच्या नावाने घेतलेला विश्वास व्यापाराच्या निर्णयासाठी वापरला, की माणसं अपडेटच बंद करायची युक्ती शोधू लागतात. सुरक्षा आणि रूपबदल वेगळे ठेवणं शक्य आहे, फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती तेच करते. ज्यांना सारखे बदल नकोत त्यांनी अपडेट बंद करण्यापेक्षा ईएसआर वापरावी.

५. इंटरनेट एक्सप्लोरर ६ चं प्रकरण काय होतं? जुनी मंडळी अजून त्याचं नाव का काढतात?

कारण अपडेट न होणाऱ्या ब्राउझरने सगळ्या वेबला कसं वेठीला धरलं, हे तेव्हा दिसलं. इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोचला. स्पर्धक संपल्यासारखे होते. मायक्रोसॉफ्टने हात आवरता घेतला आणि आयई ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. पाच वर्षं जग एका जागी थांबलं.

साइट बनवणाऱ्यांचे हाल आज सांगितले तर नव्या मुलांना खरे वाटत नाहीत. चौकट डावीकडे तरंगती ठेवून तिला डाव्या बाजूला १० पिक्सेलचा समास दिला, तर आयई ६ तो दुप्पट करून २० घ्यायचा आणि शेजारची चौकट खाली ढकलली जायची. त्यावरचा इलाज असा, की त्या चौकटीला 'डिस्प्ले इनलाइन' लिहायचं. बाकीच्या ब्राउझरांत त्या ओळीने काही बिघडत नसे आणि आयई ६ ताळ्यावर यायचा. पारदर्शक पीएनजी चित्रांमागे करडा पट्टा दिसायचा, त्याची जुळणी निराळी. अशा जुळण्यांची अख्खी फाईल प्रत्येक साइटसोबत सांभाळावी लागे, आणि तो वेळ ग्राहकाच्या बिलात धरला जायचा.

भारतात एक वेगळी अडचण होती. असेम्बल केलेल्या पीसीवर विंडोजची नक्कल टाकून देणं सर्रास चाले. 'जेन्युइन नाही' असा इशारा येऊ नये म्हणून दुकानदार ऑटोमॅटिक अपडेट बंद करूनच मशीन हातात देत. ब्राउझर जुना राहिला तो यामुळेही.

मग साइटवाले उठले. फेब्रुवारी २००९ मध्ये नॉर्वेच्या फिन डॉट नो या मोठ्या साइटने आयई ६ वाल्यांना अपडेटची सूचना दाखवायला सुरुवात केली आणि तिथल्या इतर साइटींनी ती उचलली. जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर 'लवकरच तुमच्या ब्राउझरचा सपोर्ट बंद होईल' अशी पट्टी झळकली. वरिष्ठांची परवानगी न घेताच ती पट्टी लावली होती, असं त्या टीममधल्या एका अभियंत्याने २०१९ मध्ये लिहिलं. जानेवारी २०१० मध्ये गूगलवरच्या 'ऑरोरा' हल्ल्यात आयईमधलं भोक वापरल्याचं उघड झालं, आणि जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना काही काळ दुसरा ब्राउझर वापरायला सांगितलं. १ मार्च २०१० ला गूगल डॉक्सने आणि १३ मार्चला यूट्यूबने आयई ६ चा हात सोडला. मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने आयई ६ चा वापर जगभर एक टक्क्याखाली आणायची मोहीम उघडली.

यूट्यूबची पट्टी मला आजही योग्य वाटते. तिने आधी अनेक महिने सांगितलं, एकाहून जास्त पर्याय दाखवले, आणि त्या काळी त्याच मशीनवर फायरफॉक्स किंवा क्रोम फुकटात बसत होता. म्हणजे बदल वापरणाऱ्याच्या हातात होता. आजच्या जुन्या फोनवाल्याकडे ही सोय बरेचदा नसते, आणि २०१० चा दाखला जसाच्या तसा आज लावणाऱ्यांचं इथेच चुकतं.

६. मी एका संस्थेची साइट सांभाळतो. जुन्या ब्राउझरवाल्यांना सरळ अडवू का?

माहिती वाचण्यापुरती साइट असेल तर अडवू नका. वेळापत्रक, पत्ता, फी, प्रवेशाची शेवटची तारीख, सभेची नोटीस या गोष्टी साध्या एचटीएमएलमध्ये असतील तर दहा वर्षांपूर्वीच्या ब्राउझरवरही दिसतात. सजावट गळेल, मजकूर राहील.

करायचं कसं तर ब्राउझरचं नाव विचारू नका, त्याला काय जमतं ते विचारा. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये 'सपोर्ट्स' नियम आहे: अमुक गोष्ट जमत असेल तरच ही मांडणी लावा. स्क्रिप्टचा प्रकार 'मॉड्यूल' ठेवला की जुने ब्राउझर ती फाईल वाचतच नाहीत आणि मोडक्या पानाऐवजी साधं पान दाखवतात. फॉर्म असा बांधा की स्क्रिप्ट चालली नाही तरी 'पाठवा' दाबल्यावर तो सर्व्हरकडे जाईल, आणि चुकांची तपासणी सर्व्हरवरही करा, ती तशीही करायलाच हवी.

नावावरून अडवण्याचा वाईट परिणाम असा, की अद्ययावत फायरफॉक्स वापरणाऱ्यालाही 'क्रोम वापरा' असं सांगून बाहेर काढलं जातं. ती एका कंपनीची फुकट जाहिरात झाली, सुरक्षा नव्हे.

नवी सुविधा कधी वापरायची हे ठरवायला 'बेसलाइन'ची खूण उपयोगी आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी गोष्ट येऊन ३० महिने झाले, की ती 'सर्वत्र उपलब्ध' धरली जाते. सरकारी किंवा शाळेची साइट असेल तर त्याहूनही थोडं मागे राहा. २०१७ च्या जिओफोनमधल्या कायओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया २०१६ च्या फायरफॉक्स ४८ चा आहे, आणि त्यातला ब्राउझर वर चढवणं वापरणाऱ्याच्या हातात नाही. दहावीच्या निकालाचं पान त्याच्यावर उघडलं पाहिजे, असं मी मानतो. लॉगिन आणि पैशांचा मामला वेगळा, तो प्रश्न ९ मध्ये.

७. अडवायचं नाही, पण सांगायचं तर आहे. सूचना कशी लिहू?

वरच्या बाजूला एक पट्टी, बंद करता येणारी, मजकूर न झाकणारी. इंग्रजी तांत्रिक वाक्य चिकटवू नका. असं काही लिहा: "तुमच्या ब्राउझरला आता सुरक्षेची अपडेट मिळत नाहीत. माहिती वाचता येईल, पण फी भरण्यासाठी अपडेट केलेला ब्राउझर लागेल. फोन किंवा पीसी बदलणं शक्य नसेल तर कार्यालयात येऊन फी भरता येईल." खाली कार्यालयाची वेळ आणि फोन नंबर. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं. पट्टीत डाउनलोडची फाईल मात्र कधीही जोडू नका. कारण पुढच्या उत्तरात.

८. 'तुमचा क्रोम जुना झाला आहे, इथे क्लिक करून अपडेट करा' असं एका साइटवर आलं. खरं असतं का ते?

क्लिक करू नका. कुठलीही साइट तुमचा ब्राउझर स्वतः अपडेट करू शकत नाही. हल्लेखोर दुसऱ्यांच्या वर्डप्रेस साइटींत घुसून हुबेहूब अपडेटसारखं दिसणारं पान लावतात, आणि उतरलेली फाईल उघडली की मशीन त्यांच्या ताब्यात जातं. 'सॉकगोलिश' या नावाने ही टोळधाड सुरक्षाक्षेत्रात ओळखली जाते. खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून किंवा प्ले स्टोअरमधूनच करायचं, प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे. फाईल चुकून उघडली असेल तर नेट तोडा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, आणि मशीन जाणकाराकडून तपासून घ्या.

९. मग बँका आणि पेमेंटच्या साइटी जुना ब्राउझर नाकारतात, ते योग्य की अयोग्य?

योग्य. ही मी मान्य करतो ती सक्ती. ब्राउझर आणि साइट यांच्यातली बोलणी 'टीएलएस' या पद्धतीने कुलूपबंद होतात. तिचं १.० हे रूप १९९९ चं, १.१ हे २००६ चं, आणि दोन्हींत कमकुवत जागा सापडल्या. साइटने एकासाठी जुनं कुलूप चालू ठेवलं की ती जागा हल्लेखोरालाही खुली राहते. कार्ड पेमेंटच्या पीसीआय मानकाने टीएलएस १.० सोडायला ३० जून २०१८ ची मुदत घातली होती. ग्राहकांचे पैसे सांभाळणाऱ्याला इथे मागेपुढे पाहता येत नाही.

तरीही सक्ती कधी थांबवायची याचं भान हवं. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने टीएलएस १.० आणि १.१ बंद केलं. नेमकी त्याच दिवसांत कोविडची साथ पसरली, आणि साथीची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइटी अजून जुन्याच टीएलएसवर होत्या. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने निर्णय मागे घेऊन ते पुन्हा चालू केलं, आणि जूनच्या अखेरीस आलेल्या व्हर्जनमध्ये परत बंद केलं. धोरण तेच राहिलं, घाई तेवढी सोडली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

पेमेंट अडवणाऱ्यांनी दुसरी वाट दाखवणं मात्र सोडू नये: काउंटर, यूपीआय ॲप, चेक, जे असेल ते.

१०. माझ्या अँड्रॉइड फोनवर क्रोम अपडेटच होत नाही. नवा फोन घ्यायलाच हवा का?

लगेच नाही. क्रोमने जुनी अँड्रॉइड एकेक करून सोडली: अँड्रॉइड ७ साठी शेवटचा क्रोम ११९, अँड्रॉइड ८ आणि ९ साठी १३८. त्यानंतरच्या क्रोमला अँड्रॉइड १० लागतं. पण अँड्रॉइडवर दुसरे ब्राउझर स्वतःचं इंजिन (पान उघडून मांडणारा गाभा) घेऊन येऊ शकतात. प्ले स्टोअरमध्ये फायरफॉक्स शोधा. तो तुमच्या फोनवर बसत असेल आणि त्याच्या पानावरची अपडेटची तारीख ताजी असेल, तर वाचन-शोधाचं काम त्याच्यावर न्या. खुद्द अँड्रॉइडला पॅच मिळणं बंद झालेलं असतंच, म्हणून बँकेचा व्यवहार त्या फोनवरून टाळा.

एक हकिगत सांगण्यासारखी आहे. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था जगभरच्या साइटींना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देते. तिची ओळख पटवणारं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होतं, आणि ७.१.१ आधीच्या अँड्रॉइडला तिचं नवं मूळ प्रमाणपत्र माहीतच नव्हतं. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने सांगितलेला आकडा असा: अँड्रॉइड फोनांपैकी ३३.८ टक्के या गटात. 'जुने फोन आहेत, बदला' म्हणून हात झटकता आले असते. त्यांनी वेगळं काहीतरी शोधलं. अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग मुदत संपणाऱ्या त्याच जुन्या मुळाकडून नव्याला तीन वर्षांची सही मिळवली. २०२४ पर्यंत ते फोन चालत राहिले. सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेने गरिबाच्या फोनचा असा विचार केला. साइटवाल्यांनीही तो करावा असं मला मनापासून वाटतं.

११. जुन्या आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स टाकला तर चालेल?

त्याने फरक पडत नाही. आयफोनवरचे ब्राउझर आपल्याकडे मिळतात ते आतून ॲपलचं वेबकिट इंजिनच वापरतात, आणि ते आयओएससोबत अपडेट होतं. आयओएस थांबलं की सगळे थांबले. ॲपल काही जुन्या आयओएसना अधूनमधून सुरक्षेचे पॅच देते, तेवढे मात्र जरूर घ्या.

१२. विंडोज ७ वर काय करू? आणि विंडोज १० चाही सपोर्ट संपला ना?

विंडोज ७ आणि ८.१ साठी शेवटचा क्रोम १०९, जानेवारी २०२३ चा. फायरफॉक्सने ईएसआर ११५ या आवृत्तीची मुदत या लोकांसाठी अनेकदा वाढवली. ती बसवून पॅच येतात का पाहा. येत नसतील तर त्याच पीसीवर हलकं लिनक्स टाकणं हा खरा उपाय आहे: ४ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स मिंटसारखी प्रणाली आणि ताजा फायरफॉक्स दोन्ही चालतात, देवनागरी टायपिंगसकट.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण ब्राउझर त्या दिवशी थांबले नाहीत. एजची अपडेट विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. दुकानदार घाबरवतोय म्हणून घाईने नवा पीसी घेऊ नका.

१३. उलटाच अनुभव आहे: साइटच म्हणते इंटरनेट एक्सप्लोरर हवा, जावाचं जुनं व्हर्जन हवं. असं का?

डिजिटल सही वापरणाऱ्या सीए, कंत्राटदार, कंपनी सेक्रेटरी मंडळींनी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. यूएसबी टोकनमधल्या सहीपर्यंत पोचायला साइटी ॲक्टिव्हएक्स (फक्त आयईमध्ये चालणारे जोड-प्रोग्राम) किंवा जावा ॲप्लेट वापरत. क्रोमने जावासारखे प्लगइन २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केले. साइटी मात्र बदलल्या नाहीत. त्यांच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असे: जावा अपडेट करू नका, साइट 'ट्रस्टेड'मध्ये टाका, ॲक्टिव्हएक्सची सगळी बटणं 'एनेबल' करा. टेंडर भरायच्या शेवटच्या संध्याकाळी माणूस ते सगळं करतो, आणि मग तेच मशीन तशाच उघड्या अवस्थेत वर्षभर बँकिंगला वापरतो.

याचं टोक दक्षिण कोरियाने पाहिलं. १९९९ च्या सुमारास अमेरिकेतून मजबूत कूटलेखन सहज मिळत नव्हतं. कोरियाने 'सीड' नावाची स्वतःची पद्धत घडवली आणि ती ॲक्टिव्हएक्समार्फत ब्राउझरला जोडली. सरकारी प्रमाणपत्राला कायद्याचं बळ मिळालं, आणि बँक, खरेदी, सरकारी काम यांसाठी अख्खा देश इंटरनेट एक्सप्लोररला बांधला गेला. त्या प्रमाणपत्राचं विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्ये गेलं. वीस वर्षं गेली त्यात.

आता आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टोकनसाठी छोटं साइनर सॉफ्टवेअर बसवतात आणि कुठलाही ताजा ब्राउझर त्याच्याशी बोलतो. तुमची साइट अजून आयई मागत असेल तर एजमधला 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' वापरा. सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' खाली तो चालू करायचा आणि त्या एकाच साइटचा पत्ता यादीत घालायचा. नोंद ३० दिवसांनी गळते, तेव्हा पुन्हा घालावी लागते. हा मोड निदान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. आणि साइटच्या हेल्पडेस्कला लेखी तक्रार करा. सक्ती व्हायला हवी ती तिथे, साइट बनवून घेणाऱ्या खात्यावर.

१४. ऑफिसच्या पीसीवर अपडेटला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि आयटीवाले देत नाहीत.

तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: लिहून कळवणं, व्हर्जनच्या स्क्रीनशॉटसह. जुन्या अंतर्गत सॉफ्टवेअरचं कारण सांगितलं तर प्रश्न १३ मधला आयई मोड सुचवा. जुन्या कामाला तो, बाकी सगळ्याला ताजा ब्राउझर. तोवर त्या पीसीवर स्वतःचं ईमेल किंवा बँक उघडू नका.

१५. जुन्या ब्राउझरमध्ये मराठी अक्षरं तुटलेली दिसतात. ब्राउझरचा दोष की फॉण्टचा?

दोन्ही असू शकतं, पण अक्षरं जुळवणारं इंजिन जुनं असणं हे मोठं कारण. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात, 'ऱ्या' फुटतो. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे सर्रास होई. तेव्हा आपली मंडळी ऑपेरा मिनीच्या 'कॉन्फिग' पानावर जाऊन 'जटिल लिपींसाठी बिटमॅप फॉण्ट' हा पर्याय चालू करत. मग सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा आणि साध्या फोनवरही पेपर वाचता यायचा. विंडोज एक्सपीवर तर देवनागरीचा आधार वेगळा चालू करावा लागे, त्यासाठी सीडी शोधावी लागे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी साइटी स्वतःच्या खास फॉण्टवर चालत आणि तो फॉण्ट आपोआप फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उतरायचा. इतर ब्राउझरांत रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा.

आज क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत 'हार्फबझ' हे जुळवणीचं इंजिन आहे आणि देवनागरी नीट येते. मराठी वाचकासाठी अपडेटचा हा हाताला लागणारा फायदा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना सुरक्षेचं कारण पटत नसेल तर हे दाखवा.

१६. माझे काका स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. ब्राउझर अपडेट झाला की सगळं बिघडतं.

ही खरी अडचण आहे. जॉजसारख्या विकतच्या स्क्रीन रीडरचं जुनं व्हर्जन नव्या ब्राउझरशी नीट बोलत नाही, आणि त्याचं अपग्रेड महाग असतं. एनव्हीडीए हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, सतत अपडेट होतं आणि फायरफॉक्स व क्रोमसोबत चांगलं चालतं. आधी ते शेजारी बसवून काकांना सवय होऊ द्या, ब्राउझर नंतर वर चढवा. मधल्या काळासाठी फायरफॉक्स ईएसआर ठेवला तर रूप वरचेवर बदलणार नाही.

१७. सरकारने कायदाच करावा का, की जुना ब्राउझर चालणार नाही?

वापरणाऱ्याविरुद्ध कायदा नको. विकणाऱ्यासाठी हवा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे: फोनचं मॉडेल बाजारात आणणं थांबल्यावरही किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमची अपडेट द्यायची. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नेटला जोडणाऱ्या वस्तूंवर सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील ते जाहीर करावं लागतं. गूगल आणि सॅमसंग आपल्या महाग फोनांना सात वर्षं देऊ लागले आहेत. आठ-दहा हजारांच्या फोनला, म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक घेतात त्या फोनला, अशी हमी क्वचितच मिळते. खोक्यावर 'सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत' असं छापायची सक्ती भारतात झाली, तर या पानावरचे निम्मे प्रश्न यायचे थांबतील. तोवर फोन घेताना दुकानदाराला तारीख विचारा आणि बिलावर लिहून मागा.

१८. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच दिसतो. त्याचं काय?

जुने डीव्हीआर, राउटर, कारखान्यातली काही यंत्रं यांची पानं ॲक्टिव्हएक्स मागतात आणि त्यांना अपडेट येणार नसतं. आधी कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळतं का पाहा. नसेल तर एजचा आयई मोड फक्त त्या यंत्राच्या पत्त्यापुरता लावा (प्रश्न १३). त्यासाठी एखादा जुना पीसी वेगळा ठेवत असाल तर त्याला नेट देऊ नका, फक्त डीव्हीआरची वायर जोडा. डीव्हीआर बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडलेलं असेल तर ते आजच बंद करा आणि कारखान्याहून आलेला पासवर्ड बदला. रोजच्या पाहण्यासाठी ब्राउझर लागतच नाही: डीव्हीआरच्या मागे व्हीजीए किंवा एचडीएमआय असतं, त्याला वॉचमनच्या केबिनमध्ये एक मॉनिटर लावून द्या.